गल्लीचं तोंड मोकळं सोडा

गणपती आठवड्यावर आले आहेत. पुण्यातल्या शनिवारवाडा, कसबा, बुधवार पेठ, तुळशीबाग, मंडई या पट्ट्यात उत्सवाच्या दिवसांत ज्यांना ज्यांना यायचं आहे, त्या सगळ्यांना पेठेत राहणाऱ्या आम्हा लोकांची हात जोडून विनंती आहे. या, जरूर या, पोराबाळांना घेऊन या. पण चारचाकी घेऊन येऊ नका. आणि चारचाकी असो की दुचाकी, कुठल्याही आळीच्या, बोळाच्या, वाड्याच्या तोंडाशी ती लावू नका. "पाचच मिनिटं" म्हणूनही नको. एवढं वाचून कुणी पान उलटलं तरी आमची तक्रार नाही. पुढे आहेत ती याची कारणं, आणि गाडी न आणता कसं यायचं याची माहिती.

आधी थोडं माप घेऊ. आमच्या भागातल्या कित्येक आळ्या जेमतेम ५ मीटर रुंदीच्या आहेत, काही त्याहून अरुंद. साधी कार पावणेदोन मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना एकेक लागली की साडेतीन मीटर गेले, उरला दीड मीटर. त्यातून रिक्षा कशीबशी जाते. रुग्णवाहिकेला दोन मीटर तरी लागतात आणि अग्निशमन दलाच्या मोठ्या बंबाला अडीच. म्हणजे दोघांनीही मागेच थांबायचं. एकाच बाजूला गाड्या असतील तर हिशोबाने वाट उरते. पण हिशोब सरळ जाणाऱ्या गाडीचा असतो, आणि बंब काही आळीत सरळ येत नाही. तो मोठ्या रस्त्यावरून वळून आत शिरतो. वळताना त्याला कोपऱ्यावर रुंदीच्या दुपटीने जागा हवी. आळीत पन्नास पावलं आत लावलेल्या गाडीने एका घराची गैरसोय होते, कोपऱ्यावर लावलेल्या गाडीने आख्खी आळी बंद होते. म्हणून ही सगळी ओरड तोंडासाठी आहे.

त्या तोंडाच्या आत काय आहे, तेही बाहेरून येणाऱ्यांना दिसत नाही. रस्त्यावरून दिसतात ती दुकानं, माळा, कमानी. मागे चौकाचे वाडे आहेत. लाकडी खांब, लाकडी तुळया, जुन्या वायरिंगवर वाढत गेलेले मीटर, जिन्याखाली गॅसचे सिलिंडर. काही वाडे पडून तिथे इमारती झाल्या, त्यांच्याकडे जायचा बोळ मात्र पूर्वीचाच राहिला. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं राहतात. मुलं कोथरूडला नाहीतर परदेशात. अशा घरात कुणाला छातीत दुखायला लागलं तर आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, चौघांनी चार पाय धरायचे आणि नागमोडी जिन्यावरून उतरवून आळीच्या तोंडापर्यंत न्यायचं, कारण रुग्णवाहिका तिथवर येते. त्या तोंडाशी कुणाची तरी पांढरी मोटार उभी असली की खुर्ची आणखी पुढे न्यायची, गर्दीतून, ढोलाच्या आवाजातून, रुग्णवाहिका जिथे अडकली असेल तिथपर्यंत. हे वर्षात एखाद्या वेळी घडत असतं तर लिहायची गरज नव्हती.

आगीबद्दल वेगळं काय सांगायचं? ज्या वाड्यासमोर गाडी लावायला तुम्ही जागा शोधता, त्या शनिवारवाड्याचंच पाहा. १७३० साली बाजीरावांनी पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतले मजलेच्या मजले जळून गेले. आज तटाच्या आत फिरताना जोती तेवढी दिसतात, कारण लाकूड राहिलं नाही आणि दगड राहिला. आमच्या घरांना तर असा तटही नाही.

आता गाडीवाल्यांची बाजू. ती खोटी नाही. मुद्दाम कुणाच्या दारात गाडी आडवी घालणारा माणूस विरळा. बहुतेक जण थकून लावतात. महापालिकेकडून नव्या पुलावरून शनिवारवाड्याशी आलात की शिवाजी रस्ता एकेरी, स्वारगेटच्या दिशेने. डावीकडे बघता, जागा नाही. उजवीकडे बघता, तिथे दुचाक्यांची रांग. तोवर मागचा हॉर्न वाजवतो. दगडूशेठ गेलं, मंडईचा फाटा गेला. परत यायचं तर बाजीराव रस्ता, तोही एकेरी, उलट्या दिशेने. तिथून अप्पा बळवंत चौक, पुस्तकांची खरेदी करणारे पालक, आणि पुन्हा शनिवारवाडा. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला मुलं मागच्या सीटवर रडायला लागतात, तिसऱ्याला नवरा-बायकोत बोलाचाली होते, आणि मग कुठलीतरी आळी मोकळी दिसते. ती मोकळी का आहे, हा विचार त्या घटकेला कुणाच्या डोक्यात येत नाही. रुग्णवाहिकेसाठी सोडलेली वाट त्यांना नशिबाने मिळालेली जागा वाटते.

"पण वाहनतळ आहेत की!" असं कुणी म्हणेल. आहेत. मंडईत हुतात्मा बाबू गेनू वाहनतळ आहे, सतीश मिसाळ वाहनतळ आहे. नारायण पेठेत हमालवाड्याचा आहे. एरवीच्या मंगळवारी दुपारी तिथे जागा मिळतेही. उत्सवाच्या संध्याकाळी दोन अडचणी येतात. एक तर ते भरलेले असतात. आणि दुसरं, शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता गर्दीच्या वेळी पोलीस वाहनांसाठी बंद करतात, त्यामुळे वाहनतळात जागा असली तरी तिथवर पोचायला रस्ता नसतो. पोचलात तर निघता येत नाही. रात्री साडेअकराला दर्शन उरकून आलेलं कुटुंब आपल्याच गाडीपाशी दीड तास बसून राहतं. त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं, हसूही येतं.

नदीपात्राचं मात्र गंभीरपणे सांगायला हवं. डेक्कन आणि नारायण पेठेच्या मधल्या पात्रात, भिडे पुलाच्या आसपास, गाड्या लावायची सवय शहराला लागली आहे. भाद्रपद पावसाळ्यातच येतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की शहरात आधी पाण्याखाली जातो तो भिडे पूल आणि त्याच्या बाजूचा पात्रातला रस्ता. धरण वर भरलेलं असतं तेव्हा इथे पुण्यात पाऊस असेलच असं नाही. आकाश कोरडं बघून लावलेल्या गाड्या पाण्यातून ओढून काढताना शहराने पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नारायण आणि शनिवार पेठेतली घरं याच नदीने नेली. ती आठवण असलेली माणसं अजून आमच्यात आहेत, आणि ती पात्रात सायकलसुद्धा लावत नाहीत. त्या काठावर गाडी ठेवायचीच असेल तर विसर्गाची सूचना आधी बघा. खरं तर ठेवूच नका.

मग यायचं कसं? इथे आम्हाला गेल्या दोन वर्षांत खरोखर हातात काहीतरी आलं आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जिल्हा न्यायालयापासून पुढे जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जाते, आणि मधली दोन स्थानकं आमच्या अंगणात आहेत: कसबा पेठ आणि मंडई. चिंचवड-पिंपरीकडून येणाऱ्यांनी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गावर बसायचं, मध्ये गाडी बदलायची गरज नाही. कोथरूड, वनाज, नळस्टॉप किंवा पलीकडून रामवाडी, येरवडा, पुणे स्टेशन इथून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून खालच्या मार्गावर जायचं. तिथे खोल उतरावं लागतं, जवळजवळ ३३ मीटर, म्हणून सरकते जिने लांब वाटतात. लहान पोरांना तीच मजा वाटते. ज्यांना बदलायचा कंटाळा आहे त्यांनी महानगरपालिका स्थानकावर उतरून नवा पूल चालत ओलांडावा. पलीकडे शनिवारवाडाच आहे.

एक सल्ला, अनुभवाचा. येताना कसबा पेठेला उतरा आणि जाताना मंडईला किंवा सरळ स्वारगेटला चढा. कसब्यात वर आलात की फडके हौदाच्या बाजूला निघता. तिथून ग्रामदैवत कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, मग दगडूशेठ, पुढे तुळशीबाग आणि मंडई असा सगळा रस्ता आपोआप पायाखाली येतो, उलट फिरावं लागत नाही. सगळे मंडईला उतरतात आणि सगळे मंडईलाच परत चढू बघतात, त्यामुळे तिथल्या जिन्यांवर जी चेंगराचेंगरीची वेळ येते ती निम्मी तरी टळेल. वाटेत तांबट आळी लागते. उत्सवाच्या दिवसांत तिथली ठोकाठोक थांबलेली असली तरी दारात मांडलेले बंब-घंगाळी बघून घ्या. गाडीत बसून हे कधीच दिसलं नसतं. गेल्या उत्सवांत मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालवली गेली होती. यंदाच्या वेळा जाहीर होतील तशा घरातून निघण्यापूर्वी पाहून घ्या, म्हणजे शेवटच्या गाडीसाठी धावपळ नको.

हडपसर, कात्रज, सिंहगड रस्ता या बाजूंना मेट्रो नाही, हे माहीत आहे. तिथून पीएमपीच्या बसने स्वारगेट गाठा आणि तिथून मेट्रो किंवा पायी. गर्दीची बस आणि घामट प्रवास, कबूल. तरी तो तासभराचा आहे. गाडीचे फेरे, गाडी लावणं आणि गाडी सोडवणं याचा हिशोब एकदा मांडून बघा.

ज्यांना चालवत नाही त्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. आजी म्हणते मला एकदा दर्शन घ्यायचंय, गुडघे साथ देत नाहीत. तिला संध्याकाळी आणू नका, इतकं केलंत तरी निम्मं काम झालं. सकाळी सातच्या आत पेठा रिकाम्या असतात, रांग छोटी असते, रस्ते खुले असतात. रिक्षाने आणा, उतरवा, रिक्षा सोडून द्या (मीटरने येणारा मिळाला तर आम्हालाही कळवा). मेट्रोच्या दोन्ही स्थानकांना लिफ्ट आहे. गाडीनेच आणायचं असेल तर एकाने गाडी चालवावी, बाकीच्यांनी उतरावं आणि चालकाने गाडी पेठेबाहेर काढावी. आजीला उतरवण्यासाठी थांबलेल्या गाडीवर या पेठेत कुणी ओरडत नाही. आजीला उतरवून गाडीला कुलूप लावून सगळं घर दर्शनाला जातं, तेव्हा ओरड होते.

दुचाकीवाल्यांशी आमचं वैर नाही. आम्ही सगळेच दुचाकीवाले. दुचाकी चौघे मिळून बाजूला सरकवता येते, हँडल लॉक असलं तरी मागचं चाक उचलून. मोटार हँडब्रेकवर आणि गिअरमध्ये असली की दहा जणांनाही हलत नाही, आणि गर्दीत उचलून नेणारी टोइंगची गाडीही आत शिरू शकत नाही. म्हणून आमचा जोर चारचाकीवर आहे. दुचाकीवाल्यांनी एवढंच करावं: तिरकी न लावता भिंतीला समांतर लावावी, दुसऱ्याच्या मागे दुसरी रांग लावू नये, आणि कोपऱ्यापासून चांगली दहा पावलं आत किंवा बाहेर जावं. सम-विषम तारखेची पाटी वाचावी. ती वाचायची असते, हे पुण्यात कुणालातरी सांगायला हवं होतं.

याउपर कुणाला चारचाकी आणावीच लागली, तर काचेवर आतून मोबाइल नंबरची चिठ्ठी ठेवा. आणि अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला. ढोल-ताशाच्या आवाजात घंटी ऐकू येणार नाही, म्हणून फोन खिशात थरथरता ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट न देणाऱ्या चालकाला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. चालत्या गाडीचा चालक निदान आरशात बघून बाजू तरी घेतो. उभ्या गाडीचा चालक रांगेत मोदकाच्या प्रसादापाशी असतो आणि सायरन आपल्यासाठी वाजतोय हे त्याला कळतही नाही.

आता घरच्यांना. बाहेरच्यांना दोष देऊन आपण सुटत नाही. आपल्या दुकानासमोरची जागा आपलीच या समजुतीने रिकामे डबे, कुंड्या, मोडकी लूना, सिमेंटने भरलेला पत्र्याचा डबा ठेवून अडवणारे आपणच आहोत. बोहरी आळीत माल उतरवणारा टेम्पो संध्याकाळी पाचला येतो. तो उत्सवाचे दहा दिवस सकाळी नऊच्या आत आला तर कुणाचा धंदा बुडणार नाही. "गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" ही पाटी लिहिण्यात पेठेचा हात कुणी धरणार नाही. पण हवा सोडलेली मोटार तर जागची हलतच नाही, म्हणजे कुणाची वाट अडते? तेवढी पाटी यंदा उतरवा. त्याऐवजी ठळक लिहा: "रुग्णवाहिकेची वाट." वर्षानुवर्षं अंगणात पडून असलेल्या, पी.यू.सी. संपलेल्या, टायर बसलेल्या गाड्या याच आठवड्यात हलवा. उत्सव सुरू झाल्यावर त्या हलणार नाहीत.

मंडळांकडे सगळ्यांत मोठं मागणं आहे, कारण या दहा दिवसांत पेठेत पोलिसांपेक्षा तुमचं जास्त ऐकतात. पहिलं सार्वजनिक मंडळ कुणाचं हा वाद आपण नंतर घालू, त्याला सव्वाशे वर्षं झालीच आहेत. मांडव घालताना वाट सोडायची अट परवान्यात असते. ती कागदावर पाळून नंतर मोकळ्या राहिलेल्या जागेत जनरेटर, पाण्याची टाकी आणि पथकाचा ढोलांचा टेम्पो लावू नका. तुमच्या आळीच्या प्रत्येक तोंडाशी संध्याकाळी सहा ते रात्री एकपर्यंत दोन कार्यकर्ते उभे करा, टी-शर्ट घातलेले, हातात शिटी. काम एकच: कुणी गाडी वळवली की नम्रपणे पुढे पाठवणे. आळीतली किती घरं वरच्या मजल्यावर एकट्या म्हाताऱ्यांची आहेत, कुणाकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, मुख्य विजेचा खटका कुठे आहे, ही यादी करून मंडपात ठेवा. देखाव्याला जेवढी रात्र जागता त्यातली एक रात्र यासाठी पुरे. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, मानाच्या पाचही मंडळांनी हे सुरू केलं की बाकीची शेकडो मंडळं आपसूक करतील. पेठेत अनुकरण फार लवकर होतं.

महापालिकेबद्दल दोन ओळी पुरेत. २०१८ साली मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, त्यावरून भांडणं झाली आणि धोरण रस्त्यावर नीट उतरलंच नाही. दुसरीकडे याच महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करायला सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत वाहनं बंद असतात आणि लोक भर रस्त्यात चालतात, मुलं खेळतात, दुकानं उघडीच असतात. एक दिवस जमतं ते उत्सवात दहा दिवस जमेल की नाही, हे ठरवायला त्यांना समिती लागेल. आपल्याला लागत नाही. आपण आपली गाडी घरी ठेवू शकतो, आजच ठरवून.

शेवटी, पेठेत असताना तुमच्यासमोर आळीच्या तोंडाशी मोटार आडवी दिसली आणि चालक जवळ नसला, तर काचेवरच्या नंबरवर फोन करा, आणि नंबर नसेल तर जवळच्या मंडपात जाऊन गाडीचा क्रमांक ध्वनिक्षेपकावर पुकारायला सांगा. मंडळांनी तो ताबडतोब पुकारावा, चालू गाणं थांबवून. रुग्णाची वेळ असेल तर १०८, आग असेल तर १०१, पोलीस हवे असतील तर ११२. फोनवर पत्ता सांगताना घर नंबर सांगत बसू नका, नवख्या चालकाला तो सापडत नाही. पेठ, आळी, जवळचं देऊळ किंवा चौक आणि गाडी कुठल्या बाजूने आत येऊ शकेल ते सांगा. आणि एकाने मोठ्या रस्त्यावर जाऊन हात वर करून उभं राहावं, रुग्णवाहिका दिसेपर्यंत.